चाखेकाकांना धाप लागली नाही

दारात उभा असलेला माणूस काही केल्या बसायला तयार नव्हता.

"आधी काम घेताय का ते सांगा, मग बसतो," तो म्हणाला. आवाज असा खणखणीत, की शेजारच्यांनीही आपल्यालाच विचारतोय असं समजावं. जन्मभर बस चालवलेला माणूस तो. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"बसल्याशिवाय मी ऐकत नाही, आणि ऐकल्याशिवाय घेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा सुरुवात तुमच्याकडूनच व्हायला हवी."

ड्रायव्हर बसले. कोपऱ्यात बसलेल्या जावयाला मनातून हसू आलं. सासूबाईंसमोर उभं राहणं फार वेळ कोणालाच जमत नसे.

सासूबाई भूलतज्ज्ञ होत्या. सगळा जन्म त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांचे श्वास मोजण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या भानगडींचा तपास करायला लागल्या. "बेशुद्ध माणसं खोटं बोलत नाहीत," त्या म्हणायच्या. "आता शुद्धीतल्यांकडे लक्ष द्यावं लागतं, एवढाच फरक." जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून दिवसभर राबणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नाकासमोरचं दिसत नाही, असं सासूबाईंचं मत होतं. ते त्या त्याच्या तोंडावर सांगत, आणि तरीही प्रत्येक तपासाला त्याला बरोबर घेत.

"माझी मुलगी फळांच्या कोठीत इंजिनीअर आहे," ड्रायव्हर सांगू लागले. "सफरचंद झाडावरून तोडलं तरी मरत नाही हो, बाई. श्वास घेतच राहतं, आणि श्वास घेत घेत म्हातारं होतं. माझी मुलगी हवाबंद खोलीतला ऑक्सिजन कमी करते, नायट्रोजन भरते, गारवा ठेवते. फळं झोपी जातात. महिनोन्महिने झोपतात, आणि बाहेर काढली की कालच तोडल्यासारखी करकरीत!"

"म्हणजे माझ्याच धंद्यातली निघाली की," सासूबाई म्हणाल्या.

"झोपेतही फळ थोडा श्वास सोडतंच. तो कार्बन डायऑक्साइड साठला तर फळ आतून काळं पडतं. म्हणून खोलीतली हवा चुन्याच्या पोत्यांवरून फिरवतात. चुना तो वायू शोषून घेतो." ड्रायव्हरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "परवा फळं चाखणारे काका खोलीत गेले आणि आतच कोसळले. वाचले, पण थोडक्यात. धाकटे मालक म्हणतात, माझ्या मुलीनं चुना बदललाच नाही, त्यामुळे वायू साठला आणि काका गुदमरले. उद्या दुपारी सगळ्या कामगारांसमोर चूक कबूल करून सही केली तर नुसती नोकरी जाईल. नाहीतर पोलिसांत तक्रार."

"आणि मुलगी काय म्हणते?"

"म्हणते, न केलेल्या चुकीवर सही करायला माझ्या पेनात शाई नाही." बोलताना ड्रायव्हरांची मान ताठ झाली आणि डोळे मात्र भरून आले.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काम घेतलं," त्या म्हणाल्या.

*

चाखेकाकांचं खरं नाव कोठीत कोणालाच ठाऊक नव्हतं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक खोलीतलं फळ आधी त्यांच्या जिभेवर जायचं आणि मग बाजारात. रुग्णालयाच्या खाटेवर ते उशीला टेकून बसले होते आणि तिथल्या जेवणाला नावं ठेवत होते. जावयाला वाटलं, प्रकृती झपाट्यानं सुधारते आहे.

"आत कोणी पाठवलं तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला कोण पाठवणार? एरवी दाराच्या छोट्या खिडकीतून हाताशी येईल ते फळ घेतो. पण खिडकीतलं फळ वेगळं आणि रांगेतलं वेगळं. खोलीत हवा भरलेली होती. ऑक्सिजनचा काटा एकवीसवर, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. मी स्वतः पाहिला. म्हटलं, आज हातानं निवडून घेऊ."

"आत गेल्यावर धाप लागली?"

"छे!"

"डोकं ठणकलं? छाती भरून आली? नाकात चुरचुरलं, सोडावॉटरचा ठसका लागतो तसं?"

"अहो बाई, काहीच नाही. श्वास थोडा भराभर चालला असेल तर असेल. उलट इतकं झकास वाटत होतं म्हणता! जुनं गाणं गुणगुणत होतो. शब्द आठवेनात, त्याचंच हसू आलं. मग बोटं आपली नाहीतच असं वाटायला लागलं. पुढचं काही आठवत नाही."

"म्हणजे त्रास झाला नाही, हे नशीब," जावई म्हणाला.

"जावईबापू, त्रास झाला नाही हाच तर सगळा त्रास आहे," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. जावयानं मान डोलावली. त्याला काहीही कळलं नव्हतं.

*

कोठीच्या लांबलचक बोळात एका बाजूला जाडजूड दारं होती. प्रत्येक दाराशेजारी काट्याचं एक यंत्र, आणि त्या यंत्रातून निघून भिंतीतल्या भोकातून खोलीत शिरणारी एक बारीक नळी. काका कोसळले ती खोली बोळाच्या टोकाला होती आणि तिच्या यंत्राखालीच रखवालदाराचं स्टूल होतं.

"काकांना मीच ओढलं," रखवालदार म्हणाला. "गुणगुणणं ऐकू येत होतं, ते एकदम थांबलं. काचेतून बघतो तर काका आडवे! आत जायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू? पेट्या ओढायचा लांब आकडा घेतला, कोटाच्या कॉलरमध्ये अडकवला आणि खेचलं. दाराजवळच्याच रांगेत होते म्हणून बरं."

"शाबास! आत गेला असतात तर आज दोन खाटा लागल्या असत्या. मग?"

"मी आरडाओरडा केला. धाकटे मालक पळत आले. भला माणूस. काकांना बघताच म्हणाले, 'मी वरच्या झडपा उघडतो, तू गाडी बोलाव,' आणि गच्चीकडे धावले. मी गाडी घेऊन येईपर्यंत खोली मोकळी झालेली."

"हे यंत्र कसं आहे? भरवशाचं?"

रखवालदार हसला. "आता ठीक आहे. पण त्या दिवशी सकाळी त्यालाही माझा कंटाळा आला असावा. मी इथे बसून चहावर फुंकर मारायला लागलो की काटा खाली यायचा. थांबलो की परत वर. मी आपला खेळच करत बसलो होतो."

सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी यंत्राच्या दिशेनं लांब फुंकर मारली. काटा ढिम्म हलला नाही.

"मलाच कंटाळलं होतं मग," रखवालदार म्हणाला.

जावईही हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

*

इंजिनीअर मुलगी यंत्रघरात पंप उघडून बसली होती. नोकरी उद्या जायची असली तरी पंप आज दुरुस्त व्हायला हवा, असा तिचा खाक्या दिसत होता.

"बाबांनी पाठवलं ना तुम्हाला?" तिनं मान वर न करता विचारलं. "माझ्या खोल्यांत चूक होत नाही. यापेक्षा जास्त मला काही सांगायचं नाही."

"माझ्या टेबलावर चूक होत नाही असं मीही म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या. "पण विचारलं तर सांगायचे. चुना कधी बदललास?"

"त्याच आठवड्यात. हातातल्या मीटरवर कार्बन डायऑक्साइड शंभरात एक भागसुद्धा नव्हता. दाखवायला चुना शिल्लक असता तर दाखवलाही असता. त्याच संध्याकाळी धाकट्या मालकांनी पोती फेकून दिली. म्हणे, धोकादायक."

"खोली उघडायची कोणी ठरवलं?"

"थोरल्या मालकांनी. त्यांना माल बाजारात पाठवायचा होता. आदल्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन दोन्ही झडपा मी स्वतः उघडल्या. पुरती हवा भरायला एक दिवस आणि एक रात्र लागते."

"गच्चीवर जायचा रस्ता?"

"धाकट्या मालकांच्या ऑफिसातूनच आहे. दुसरा नाही."

"दुसऱ्या दिवशी तुझं हातातलं मीटर घेऊन खोली तपासली नाहीस?"

मुलीचे हात थांबले. "दारावरचा काटा एकवीस दाखवत होता. तेवढ्यावर विश्वास ठेवला," ती सावकाश म्हणाली. एवढं बोलणंही तिला जड गेलं, हे जावयालासुद्धा दिसलं.

*

धाकट्या मालकांच्या ऑफिसात कपाटभर चषक होते. प्रत्येकाची कथा त्यांनी न विचारताच सांगितली. मधल्या फळीवर एक जागा पुसून मोकळी ठेवलेली होती.

"ही पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनासाठी," ते म्हणाले. "सर्वांत जास्त काळ टिकवलेल्या फळाचा चषक. या भागात आजवर कोणालाही मिळालेला नाही."

"कोणत्या खोलीतलं फळ नेणार?"

"बघू," ते म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. "त्या मुलीची कीव येते मला. पण काटा एकवीसवर होता हे सगळ्यांनी पाहिलं. ऑक्सिजन भरपूर होता. मग माणूस कशानं पडला? कार्बन डायऑक्साइडनं! आणि तो का साठला? चुना शिळा म्हणून. चुना लावला हो तिनं आम्हाला." स्वतःच्या कोटीवर ते खूश झाले.

शेजारच्या खोलीत थोरले मालक प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. महिनाभर त्यांना जिना चढता आलेला नव्हता.

"धाकट्याचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण मुलगी खोटं बोलणारी वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, ते तुम्हीच सांगा."

"उद्या सांगते," सासूबाई म्हणाल्या. "सहीसाठी सगळ्यांना बोलावलंच आहे ना? सगळे असू द्या."

परतीच्या वाटेवर जावयानं विचार करकरून डोकं शिणवलं. "आई, मला वाटतं रखवालदार," तो अखेर म्हणाला.

"त्यानं काकांना वाचवलं, जावईबापू."

"हो, पण आकड्यानं!"

सासूबाईंनी फक्त उसासा टाकला.

*

दुसऱ्या दिवशी फळं निवडायच्या दालनात सगळे कामगार जमले होते. टेबलावर माफीचा कागद आणि पेन तयार होतं. इंजिनीअर मुलगी हाताची घडी घालून उभी होती. तिचे वडील फाटकाबाहेरच थांबले होते. नाव स्वच्छ झाल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी रखवालदाराला बजावलं होतं.

"सही करण्याआधी एक प्रयोग करू," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, पुढे या."

जावई नाइलाजानं पुढे आला. सासूबाईंनी एक कागदी पिशवी त्याच्या नाकातोंडावर धरली. "यातच श्वास घ्या, यातच सोडा. त्रास झाला की फेकून द्या."

सुरुवातीला जावई ऐटीत उभा होता. मग त्याची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. चेहरा लाल झाला, कान तापले. शेवटी त्यानं पिशवी भिरकावली आणि तोंड उघडून हवा ओढली. कामगार हसले.

"काय वाटलं?"

"जीव चालला होता, आई!"

"नव्हता चालला. पिशवीत ऑक्सिजन अजून पुरेसा होता. तुम्हाला छळलं ते तुम्हीच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडनं." सासूबाई सगळ्यांकडे वळल्या. "आपल्या मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, एक पहारेकरी बसलेला असतो. तो डोळ्यांत तेल घालून एकाच गोष्टीवर नजर ठेवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती झाला? जरासा वाढला की तो छातीला कामाला लावतो. धाप लागते, डोकं ठणकतं, माणूस दार फोडून बाहेर पळतो. श्वास रोखून धरल्यावर जो जीव कासावीस होतो, तो याच पहारेकऱ्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला तर मात्र हा झोपून राहतो. मानेतल्या नसांपाशी त्याचे दोन मदतनीस आहेत, ते थोडी कुरकुर करतात, श्वास जरा वाढवतात. पण गुदमरल्यासारखं वाटत नाही. माणूस खुशीत येतो, गाणं गुणगुणतो, आणि गुणगुणता गुणगुणता कोसळतो."

दालनातलं हसू थांबलं.

"चाखेकाका गुणगुणत होते. ना धाप, ना डोकेदुखी, ना नाकात चुरचुर. माणूस आडवा होईल इतका कार्बन डायऑक्साइड त्या खोलीत असता, तर काका धापा टाकत दारावर धडकले असते. म्हणजे तो वायू तिथे नव्हता. म्हणजे चुना उत्तम होता. धाकटे मालक, पोती तुम्ही फेकलीत, पण काकांचं शरीर फेकता आलं नाही. त्यानं साक्ष दिली."

"पण काटा एकवीसवर होता!" धाकटे मालक ओरडले. "सगळ्यांनी पाहिलाय!"

"होता ना. कारण यंत्र खोलीतली हवा मोजतच नव्हतं. रखवालदारांनी चहावर फुंकर मारली की काटा खाली यायचा. आपण सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन कमी असतो. बंद दाराआडच्या खोलीला बाहेरच्या माणसाची फुंकर कशी कळेल? नळी खोलीतून उपसून बोळात लोंबत ठेवली होती. यंत्र बिचारं बोळातली हवा मोजत होतं. काल मी फुंकर मारली तर काटा हलला नाही, कारण नळी परत जागेवर गेली होती."

"ती कोणीही काढली असेल."

"असेल. पण झडपा?" सासूबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. ऑपरेशनच्या टेबलाशी त्या अशाच बोलत असणार, असं जावयाला वाटलं. "इंजिनीअरनं झडपा आदल्या सकाळी उघडल्या. मग काका पडल्यावर तुम्ही कोणत्या झडपा उघडायला धावलात?"

"तिनं उघडल्याच नव्हत्या!"

"आणि तरीही काटा एकवीस दाखवतोय, हे पाहून तुम्हाला नवल वाटलं नाही? खोलीत ऑक्सिजन भरपूर होता, हे तर तुम्हीच ओरडून सांगताय. झडपा बंद असतील तर तो आला कुठून? आणि उघड्या असतील तर तुम्ही उघडल्यात काय? काकांना पाहता क्षणी झडपा बंद आहेत हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच त्या बंद केल्या होत्या. गच्चीचा रस्ता तुमच्या ऑफिसातून जातो आणि तुमच्या दादांचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे."

धाकटे मालक भिंतीला टेकले.

"तुम्हाला कोणाला मारायचं नव्हतं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "दादांनी खोली उघडायला सांगितली आणि उघडलेली खोली प्रदर्शनाला चालत नाही. चषकाची जागा तर पुसून ठेवलेली. म्हणून झडपा गुपचूप लावल्यात आणि दादांना काटा भरलेला दिसावा म्हणून नळी बाहेर काढलीत. माल न्यायची गाडी काहीतरी निमित्त काढून प्रदर्शनापर्यंत लांबवायची, एवढाच बेत. काका नेहमीसारखे खिडकीतूनच फळ घेतील असं धरून चाललात. झडपा काही तास उघड्या राहिल्या होत्या, थोडी हवा आत गेली होती, म्हणून काका वाचले. इथपर्यंत मूर्खपणा होता. पण त्यानंतर दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात तो बांधायला निघालात, त्याला मूर्खपणा म्हणत नाहीत."

"मला वाटलं होतं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे..." धाकटे मालक पुटपुटले.

थोरले मालक कुबडी घेऊन उठले. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला आणि फाडला. "तक्रार जायची ती जाईलच," ते भावाकडे न बघता म्हणाले. "नाव मात्र बदलेल."

मग ते मुलीकडे वळले. "इथंच, सगळ्यांसमोर, तुझ्यावर आळ घेतला. इथंच सांगतो. चूक आमच्या घरातली होती. तुझ्या कामात नव्हती."

दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीनं हात वर करून तो थांबवला.

"एक चूक माझीही आहे," ती म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "माझा चुना इतका चोख होता, की आतल्या माणसाला धोका कळायचा रस्ताच उरला नव्हता. त्याच्यासाठी मीच मीटर घेऊन दारात उभं राहायला हवं होतं. आजपासून हातात मीटर आणि दारात दुसरा माणूस असल्याशिवाय या खोल्यांत कोणीही पाऊल ठेवणार नाही. मालकसुद्धा."

"मालकसुद्धा," थोरले मालक म्हणाले.

सासूबाईंची छाती अभिमानानं भरून आली होती. जावयाला ते स्पष्ट दिसलं. आणि आपलीही छाती भरून आली आहे, फक्त ती सासूबाईंकडे बघून, हेही त्याला कळलं. "आई, तुमच्यासारख्या तुम्हीच," तो म्हणून गेला. त्यावर "पाणी प्या, अजून लाल दिसताय," एवढंच उत्तर मिळालं, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

थोरले मालक कुबडी टेकत स्वतः फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरांना हाताला धरून आत घेऊन आले. ड्रायव्हर बोळातून सावकाश चालत होते. दोन्ही बाजूंना कामगार उभे होते. शेवटच्या दाराशी ते थांबले. काचेपलीकडे झोपलेल्या फळांच्या रांगा होत्या. निकाल लागेपर्यंत माल हलवायचा नव्हता, म्हणून मुलीनं त्याच सकाळी झडपा लावून, नायट्रोजन भरून खोली पुन्हा बंद केली होती.

"हे सगळं तू सांभाळतेस?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी ही खोली कधी पाहिली नव्हती. त्यांचा हात दाराच्या मुठीकडे गेला. "आत जाऊन बघू का गं? एक मिनिटभर?"

"नाही, बाबा," मुलगी दारासमोर आडवी उभी राहिली. "तुम्हीही नाही."

ड्रायव्हरांनी हात मागे घेतला. मग ते बोळात जमलेल्या सगळ्यांकडे वळले आणि सगळी कोठी दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत? बापालासुद्धा सोडत नाही!"